सकाळी सहाची मॅच

डॅलस, टेक्सास
मे महिन्यातला शेवटचा रविवार

तीर्थरूप आबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईनं सांगितलं की धाकट्या बाळूची क्रिकेटची किट तुम्ही माळ्यावर टाकली. जिल्ह्याच्या निवडीत नाव आलं नाही तेव्हापासून तो धड जेवेना, बोलेना, त्याचा तुम्हाला त्रास होतोय हे समजतं मला. पण फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. आबा, ती किट खाली काढा.

इथं जूनमध्ये मेजर लीग क्रिकेटचा नवा मोसम सुरू होतोय. २०२३ पासून ही लीग चालू आहे. सहा संघ आहेत. आमचा टेक्सास सुपर किंग्ज चेन्नईवाल्यांचाच, जर्सीही तीच पिवळी. मुंबईवाल्यांचा एमआय न्यू यॉर्क, तो २०२३ ला आणि २०२५ ला असा दोनदा जिंकला. ग्रँड प्रेरीचं मैदान माझ्या घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर. आधी ते बेसबॉलचं होतं, नंतर क्रिकेटचं केलं. सात हजारांच्या आसपास माणूस बसतो, आपल्याकडं जत्रेत कुस्तीच्या फडाला जमतो तेवढा. चेंडू बॅटवर बसला की तो आवाज थेट छातीत येतो. टीव्हीवर तो कळत नाही.

इथं रात्रीचा सामना साडेसातला सुरू होतो, तेव्हा तुमच्याकडं दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा वाजलेले असतात. म्हणजे धार काढून झाली, चहा पुढ्यात आला, अन् रानात जायला अजून घटकाभर आहे, ती वेळ. आपण दोघं एकच चेंडू एकाच वेळी बघू शकतो. दहा वर्षांत असं आपलं काहीच एका वेळी झालं नाही. माझा दिवस संपतो तेव्हा तुमचा सुरू होतो.

आणि तुम्ही म्हणता ना, वय निघून जातं, मग पोरगं ना शेतीचं ना खेळाचं? गेल्या मोसमात आमच्या संघाच्या फाफ डू प्लेसीनं वयाच्या चाळिसाव्या वर्षी दोन शतकं ठोकली. दोन्ही डावांत धावताना त्याचं वय कुठं दिसलं नाही. बाळू एकोणीसचा आहे, आबा.

पण मला खरं सांगायचंय ते सौरभ नेत्रावळकरचं. मुंबईचा पोरगा, बाळूसारखाच डावखुरा वेगवान गोलंदाज. २०१० चा एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक भारताकडून खेळला. पुढं मुंबईकडून रणजी खेळला, पण तिथं पाय रोवता आले नाहीत. इंजिनिअर झालेला होताच, २०१५ ला पुढं शिकायला अमेरिकेत आला. शिकला, नोकरीला लागला आणि नोकरी करता करता अमेरिकेच्या संघात पोचला. ६ जून २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषकातला अमेरिका-पाकिस्तान सामना बघायला मी रजा टाकून ग्रँड प्रेरीला गेलो होतो. पाकिस्तानच्या १५९, अमेरिकेच्याही १५९. बरोबरी झाली म्हणून सुपर ओव्हर, म्हणजे दोघांना एकेक जादा षटक. त्यात अमेरिकेनं १८ केल्या आणि चेंडू दिला सौरभच्या हातात. पाकिस्तानला १३ च करता आल्या. माझ्या शेजारी एक म्हातारे पंजाबी गृहस्थ होते, त्यांनी मला मिठी मारली. मी रडलो, आबा. मला त्या वेळी आपलं घर आठवलं, गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं काढलेले स्टंप आठवले. त्याच वर्षी इथली मेजर लीगही सौरभच्या वॉशिंग्टन फ्रीडमनं जिंकली.

त्यानं शिक्षण सोडलं नाही आणि चेंडूही सोडला नाही. बाळूसाठी मी एवढंच मागतोय. बीएस्सी ॲग्री पुरी होऊ द्या. कॉलेज सुटल्यावर दोन तास त्याचे त्याला द्या.

आपल्या भागातून कुणी पुढं जात नाही, हे मात्र म्हणू नका. भारताकडून खेळलेले संजय बांगर बीडचे. जालन्याच्या विजय झोलनं एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात नाबाद ४५१ केल्या होत्या. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला २०२२ च्या आयपीएल लिलावात चेन्नईनं दीड कोटीला घेतलं. आणि बीडचा सचिन धस! २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात बेनोनीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ४ बाद ३२ असताना तो कर्णधार उदय सहारनला साथ द्यायला आला. १७१ ची भागी केली, स्वतः ९६ वर गेला. बीड म्हणजे आपल्या शेजारचा जिल्हा, सकाळची एसटी धरली तर दुपारी परत यावं.

निवडीच्या दिवशी बाळूला फक्त सहा चेंडू टाकायला मिळाले, हे त्यानं मला सांगितलंय. तुम्हाला सांगितलं नसेल. सहा चेंडूंत पोराचं काय कळतं? पुढच्या वेळच्या जाण्या-येण्याचा आणि बुटांचा खर्च माझ्याकडं. पैसे बियाण्याच्या पैशांसोबतच पाठवतो, त्यातले बुटांचे वेगळे काढा.

पहिल्या घरच्या सामन्याचं तिकीट मी काढलंय. त्या सकाळी बाळूला तुमच्या शेजारी बसवा. डावखुरा गोलंदाज आला की तो चेंडू आत कसा आणतो, ते त्याला तुम्हाला समजावून सांगू द्या. त्याला येतं ते.

सोयाबीनची घाई करू नका, चांगला वाफसा येऊ द्या. मिरगाचा पहिला पाऊस झाला की कळवा. आईला म्हणावं, लोणच्याच्या कैऱ्या यंदा माझ्या वाटच्याही घाल.

तुमचा,
थोरला