ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र: विकलेला खेळ परत नेणाऱ्यांना कोण विचारणार?

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
सादर नमस्कार.

१२ जानेवारी २०२६ ला ईए या व्हिडिओ गेम कंपनीने ‘अँथम’चे सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारे कंपनीचे संगणक, बंद केले. २०१९ चा, पूर्ण किमतीला विकलेला व्हिडिओ गेम. एकट्याने खेळायचा म्हटला तरी सर्व्हरशिवाय चालत नाही, म्हणजे घरातली डिस्क आता निव्वळ प्लास्टिक. याआधी युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीने हेच केलं. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला गाड्यांच्या शर्यतींचा ‘द क्रू’ ३१ मार्च २०२४ ला बंद केला आणि पुढच्याच महिन्यात लोकांच्या खात्यांतून परवानाही काढून घेतला. डिस्कवर अमेरिकेचा नकाशा आहे, गाड्या आहेत. पण कुठली गाडी तुमची, कुठली शर्यत पार केलीत, हा सगळा हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर. सुरू होताना खेळ लॉगिन मागतो, पलीकडे कुणी नसतं, कारभार पहिल्याच स्क्रीनवर आटोपतो.

‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ हे उत्तर आपल्या टेबलावर येईलच. शक्य आहे. लॉगिनची तपासणी काढायची, प्रगतीची नोंद असलेली सेव्ह फाइल खेळणाऱ्याच्या मशीनवर ठेवायची आणि सर्व्हर खरंच लागत असेल तर त्याचा प्रोग्राम लोकांना द्यायचा. ‘ग्रान तुरिस्मो स्पोर्ट’ला बंद होण्याआधी असंच अपडेट मिळालं. ‘नॉकआउट सिटी’वाल्यांनी खासगी सर्व्हरची आवृत्ती फुकट दिली. बोंबाबोंब झाल्यावर युबिसॉफ्टलाही ‘द क्रू २’ साठी ऑफलाइन मोड सापडला! पहिला ‘द क्रू’ तर चाहत्यांनीच पदरचा वेळ घालून, स्वतःचा सर्व्हर लिहून पीसीवर पुन्हा चालू केला. खरी अडचण एकच: सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये दुसऱ्या कंपन्यांकडून परवान्यावर घेतलेले भाग असतात, ते वाटता येत नाहीत. पण बंद करण्याची तजवीज पहिल्याच करारात केली तर ही अडचण येत नाही. म्हणून नियम पुढच्या खेळांना लावा, जुन्यांचं आम्ही बघून घेऊ.

आता पैशाचं. ४,९९९ रुपयांच्या खेळात १८ टक्के जीएसटी धरला तर साधारण ७६२ रुपये सरकारचे. तेवढे न चुकता जमा होतात. खेळ गायब झाल्यावर मात्र ग्राहकाने कुठे जायचं? एकतर्फी, अन्यायकारक कराराची तक्रार करायची तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जिल्हा ग्राहक आयोगाला तो अधिकारच नाही. पाच हजारांसाठी थेट राज्य आयोग गाठा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रार अधिकारी आहे, ४८ तासांत पोच आहे, महिन्यात निवारण आहे, परदेशी कंपन्याही त्यात येतात. कागद छान आहे. प्रत्यक्षात मिळतं ते बॉटचं तयार उत्तर, शेवटी ‘आपला दिवस आनंदात जावो’. २०२३ मध्ये आपल्याच खात्याने फसवणुकीचे तेरा डिजिटल प्रकार जाहीर केले. विकून परत नेणं हा चौदावा कुणाला सुचला नाही.

कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून डिजिटल खेळ विकणाऱ्या दुकानांना सांगावं लागतं की मिळतोय तो फक्त परवाना. युरोपात दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या करून हा प्रश्न युरोपीय आयोगापर्यंत नेला. आणि आपण? ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा तीन दिवसांत लोकसभा, राज्यसभा आणि राष्ट्रपतींची सही असा धावला. इच्छा असली की वेगही येतो तर. पण त्याचा सगळा जोर पैसे लावायच्या खेळांवर. पैसे मोजून खेळ विकत घेणारा त्यात औषधालाही नाही. मुंबईत ‘वेव्हज’ हे मनोरंजन उद्योगाचं संमेलन भरवायचं, स्टुडिओवाल्यांना पायघड्या घालायच्या, विकत घेणाऱ्याने रांगेत उभं राहायचं. विमा असो, बिल्डर असो, इथेही तेच.

मागणं मोठं नाही. दुधाच्या पिशवीवर असते तशी, खेळ किमान कधीपर्यंत चालेल ती तारीख किमतीशेजारी छापा. बंद करण्याआधी सहा महिने नोटीस, त्याच दिवसापासून विक्री बंद, खेळात विकत घेतलेल्या पण न वापरलेल्या नाण्यांचे पैसे परत. नंतर ऑफलाइन आवृत्ती, नाहीतर पूर्ण परतावा. सोनीने ‘कॉन्कॉर्ड’ हा खेळ दोन आठवड्यांत गुंडाळला तेव्हा पैसे परत केलेच ना? आणि अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालू द्या. ही दुरुस्ती तरी कुठल्या परदेशी कंपनीला न विचारता होईल.

कळावे,
पावत्या जपून ठेवलेला एक ग्राहक