दुसरं बिलबुक

चि. ताईस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस की मसाल्याचं युनिट पुण्याजवळ भोसरीकडं टाकू का निपाणीला आणू, आणि निपाणीला आणलं तर गाव मला काय देणार. असल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देणं बरं नव्हे, म्हणून लिहायला बसलोय. निर्णय तुझा तू घे. गावाबद्दल मला जे दिसतं ते मात्र सगळं तुझ्यापुढं ठेवतो, चांगलंही आणि अडचणीचंही.

प्रेसमुळं गावात कोण काय सुरू करतंय ते मला इतरांच्या आधी कळतं. उद्घाटनाची पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, पिशवीवरचं नाव आणि बिलबुक, एवढं घेऊनच माणूस दुकान उघडतो. पहिलं बिलबुक हौसेनं छापलं जातं. मालक स्वतः प्रूफ बघायला येतो, कुलदैवताचं नाव माथ्यावर घ्यायला लावतो, मोबाईल नंबर ठळक करायला सांगतो. माझं लक्ष असतं ते दुसऱ्या बिलबुकाकडं. पहिलं संपवून माणूस पुन्हा ऑर्डर द्यायला आला की समजायचं, धंदा लागला. पुष्कळ जण येतच नाहीत. त्यांच्या मालात खोट होती म्हणावं, तर तसंही नसतं. मधल्या काळात उधारी अडकते, परवान्याच्या कागदासाठी खेटे घालावे लागतात, गाळ्याचं भाडं चढतं, आणि माणूस शटर ओढून पुण्याची गाडी धरतो. गावानं धंद्याला आधार द्यायचा म्हणजे पहिल्या बिलबुकापासून दुसऱ्या बिलबुकापर्यंत माणसाला तगवायचं, असं माझं ठाम मत झालंय.

निवडणूक आली की प्रत्येक जण म्हणतो, मोठी कंपनी आणतो. कंपनी आली तर मला आनंदच आहे. पण कंपनी कशाला बघून येते ते आपल्याच जिल्ह्यात दिसतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जा. एक जण कास्टिंग ओततो, त्याच्यासाठी पॅटर्न करणारा शेजारी, मशीनिंग करणारा पलीकडं, ग्राइंडिंगवाला त्याच्या मागं, आणि टूल-बिट विकणारं दुकान कोपऱ्यावर. एखादी फाउंड्री बसली तरी तिच्या भोवतीचे लोक दुसऱ्याचं काम करून उभे राहतात. हत्तरगीला हायवेच्या कडेला एक्वस कंपनीचा सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, झाला, तिथं विमानाचे सुटे भाग बनतात. फोर्जिंग, मशीनिंग आणि सरफेस ट्रीटमेंट एकाच आवारात, त्यामुळं भाग एका कामासाठी दहा गावं फिरत नाही. पण असं काही उभं राहायला लेथवर हात बसलेली माणसं आसपास लागतात, आणि ती छोट्या छोट्या कारखान्यांनी कित्येक वर्षं घडवलेली होती. लहान धंदे टिकले तरच मोठा येऊन बघतो.

आपल्या निपाणीनं उलटी बाजूही पाहिलीय. सगळा बाजार एका तंबाखूवर. तंबाखूला दर आला की सोनाराकडं गर्दी, कापड दुकानात गर्दी, लग्नपत्रिकांसाठी प्रेसमध्ये रांग. दर पडला की सगळं गाव एकदम थंड. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर बसले आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले, ते या गावाला विसरता येत नाही. शेतकऱ्याचा तो हक्काचा लढा होता. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एका पिकावर, एका धंद्यावर गाव टांगून ठेवलं की त्याची किंमत कोणाला तरी फार मोठी मोजावी लागते. म्हणून मला गावात शंभर तऱ्हेचे लहान धंदे हवेत. तुझा मसाला त्यातला एक.

आता सीमेची गोष्ट, कारण तिचा तुझ्या हिशोबाशी थेट संबंध आहे. जीएसटीत कंपोझिशन नावाची लहान धंद्यांसाठीची सोपी योजना आहे. ती घेतलेल्या दुकानदाराला साधं टॅक्स इन्व्हॉइस देता येत नाही, 'बिल ऑफ सप्लाय' द्यावं लागतं. त्याच्या माथ्यावर, कंपोझिशनचा करदाता असल्यानं कर घ्यायला पात्र नाही, अशा अर्थाची ओळ छापावी लागते. ती ओळ मी कित्येक बिलबुकांवर छापलीय. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यांना ही योजना सोयीची, एक टक्का भरला की मोकळं. पण कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. सीमेपासून लांब, बेंगळुरूतल्या दुकानदाराला याचं काय वाटणार? आपली निपाणी कर्नाटकात, आणि गावाला चिकटलेलं अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तू ज्या देवचंद कॉलेजात चालत जात होतीस ते दुसऱ्या राज्यात! निपाणीतल्या फरसाणवाल्यानं तिथल्या कँटीनला डबे पोचवले की तो आंतरराज्य व्यवहार झाला. कागलचं गिऱ्हाईक दुकानात येऊन पिशवी भरून घेऊन गेलं तर काही अडत नाही. माल आपण पोचवायचा म्हटलं की अडतं. नोंदणीच न केलेल्या माणसाची गतही तीच. राज्यातल्या राज्यात चाळीस लाखांपर्यंत मालाच्या विक्रीला जीएसटी नोंदणी लागत नाही, पण सीमेपलीकडं करपात्र माल पाठवायचा तर पहिल्या रुपयापासून लागते. काही हस्तकलेच्या वस्तूंना सवलत आहे, मसाल्याला नाही.

तुझं गिऱ्हाईक पुण्यात, तेव्हा तू पहिल्या दिवसापासून नेहमीची नोंदणी घे. कंपोझिशनच्या मोहात पडू नकोस. तुला हे सांगायला मी आहे. पण बचत गटातल्या ज्या बायका शेवया-पापड करतात त्यांना कोण सांगणार? नगरपालिकेनं आठवड्यातून एक दिवस एक टेबल मांडावं, तिथं जीएसटीचा जाणकार, बँकेचा माणूस आणि परवाना विभागाचा कारकून एकत्र बसावेत, आणि बोलणं मराठीत नि कन्नडात दोन्हीत व्हावं. याला निधी लागत नाही. सीमेवरच्या गावाला तर हे टेबल इतरांपेक्षा जास्त गरजेचं आहे. आम्ही व्यापारी मंडळी यासाठी निवेदन देणार आहोत, मसुदा माझ्याकडंच आहे.

दुसरी माझी कळकळीची गोष्ट उधारीची. लहान कारखानदार मालामुळं बुडत नाही, अडकलेल्या पैशामुळं बुडतो. एका मोठ्या संस्थेचं काम मी वर्षानुवर्षं केलं. कागद रोखीनं आणायचा, पोरांचा पगार शनिवारी द्यायचा, आणि बिल मात्र मार्चनंतर बघू. कायदा आपल्या बाजूचा आहे. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, पुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. आता तर आयकरातही तरतूद आलीय की वेळेत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा धरता येतो. पण गावात रोज तोंड बघायचं असतं, तक्रार कोण करणार? म्हणून गावातल्या मोठ्या खरेदीदारांनीच आपणहून ठरवायला हवं. कॉलेजं, पतसंस्था, दवाखाने, कारखाने आणि स्वतः नगरपालिका यांनी जाहीर करावं की स्थानिक लहान धंद्याचं बिल महिन्यात चुकतं होईल. सबसिडीपेक्षा याचा उपयोग मोठा. तू उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, नक्की कर, फुकट आहे आणि ऑनलाइन होते. उत्पादन करणाऱ्याला हे संरक्षण मिळतं, नुसत्या व्यापाऱ्याला ते नाही, हेही लक्षात ठेव.

खरेदीचं तसंच. आपल्या संस्थांच्या डायऱ्या, गणवेश, खुर्च्या कुठून येतात ते बघ. शिलाईचं काम करणाऱ्या बायका इथं घरोघरी आहेत आणि गणवेश बाहेरून येतात, हे मला बघवत नाही. दर आणि दर्जा जुळत असेल तर आधी गावात विचारा, इतकंच मागणं आहे.

चपलेचं उदाहरण देतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो दोन्ही राज्यांच्या मिळून आठ जिल्ह्यांना. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर तिकडचे, आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर इकडचे. म्हणजे आपल्या भागातल्या कारागिरानं कोल्हापुरी म्हणून चप्पल विकणं पूर्ण कायदेशीर आहे. पण जोड हातात घेऊन बघ. पट्ट्याची वेणी सुबक, तळ हातशिलाईचा, आणि कुठंही करणाऱ्याचं नाव नाही, गावाचं नाव नाही. बिननावाचा जोड व्यापाऱ्याकडं जातो आणि नाव दुसऱ्याचं लागतं. मी एका कारागिराला साधं लेबल करून दिलं. त्याचं नाव, गाव आणि फोन. त्याच्याकडं आता थेट फोन येतात. जीआयमध्ये अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची सोय आहे. ती कारागिरांना करून देणं हे गावाचंच काम नाही का?

जागेबद्दल. रिकाम्या पडलेल्या वखारी मी तुझ्यासाठी बघून आलो. दगडी भिंती, उंच छप्पर, ट्रक दारापर्यंत येतो. शिलाई, पॅकिंग, चपलांचं काम यांसाठी त्या उत्तम आहेत. मालकांनी आत गाळे पाडून लहान धंद्यांना भाड्यानं द्यावेत आणि नगरपालिकेनं त्यांना घरपट्टीत सूट द्यावी, हे आमच्या निवेदनात आहे. पण तुला वखार चालणार नाही. भिंतीत तंबाखूचा वास मुरलेला असतो, आणि मिरचीची पूड आसपासचा वास ओढून घेते. तू गावाबाहेर ग्रामपंचायत हद्दीत शेड बघ. त्याला आणखी एक कारण आहे. नवा उद्योग काढणाऱ्याला कर्जाबरोबर अनुदान देणारी केंद्र सरकारची पीएमईजीपी योजना आहे, तिच्यात महिला उद्योजकाला शहरी भागात प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के अनुदान मिळतं, ग्रामीण भागात ३५ टक्के, आणि स्वतःचे पाच टक्के घालावे लागतात. उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. संकेश्वरी मिरची इथं दारात मिळते, मिरची कुटायचा डंक चालवणारी अनुभवी माणसं आहेत, पुणे-बेंगळुरू हायवे हाकेच्या अंतरावर. भोसरीत शेडचं भाडं भरून तू मिरची इथूनच नेणार ना?

एक गोष्ट मात्र लपवत नाही. सीमाप्रश्नावरचं माझं मत तुला ठाऊक आहे, २००४ पासून खटला सुप्रीम कोर्टात आहे आणि माझी निष्ठा बदललेली नाही. पण २०२५च्या फेब्रुवारीत भाषेच्या वादावरून दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या तेव्हा इथल्या लहान दुकानदाराचे हाल मी डोळ्यांनी पाहिले. कोल्हापूरचा माल येईना, गिऱ्हाईक येईना. फळवाल्याची फळं सडली, आणि तो मराठी का कन्नड हे कोणी विचारलं नाही. दोन्ही सरकारांनी काही झालं तरी बस आणि मालाची गाडी थांबवू नये. निपाणीच्या बाजारात चिक्कोडीकडचा कन्नड शेतकरी येतो तसा कागलचा मराठीही येतो, आणि दोघं आल्याशिवाय हा बाजार चालत नाही. पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा २०२४ पासून कायदा आहे. तो पाळ, उरलेल्या जागेत मराठी ठसठशीत लिही, आणि कामाला दोन्ही भाषा बोलणारी एक तरी मुलगी ठेव.

रस्त्यावरच्या विक्रेत्यांबद्दल मी व्यापाऱ्यांच्या बैठकीतही भांडतो. काहींना वाटतं हातगाडे हटवले की दुकानं चालतील. भाजी घ्यायला बाई बाजारात आली तर पुढं कापडही बघते. २०१४च्या कायद्यानं गावात फेरीवाल्यांची समिती असायला हवी आणि तिच्यात ४० टक्के प्रतिनिधी त्यांचेच निवडून आलेले हवेत. जागा आखून द्या, पार्किंग वेगळं करा, पण त्यांना हाकलू नका.

तर माझं म्हणणं असं की तू इथं ये. गाव आज तुला सगळं देईल असं मी म्हणत नाही. जागा, माल आणि माणसं मिळतील. टेबल आणि वेळेवर पैसे, यासाठी आम्ही झगडतोय, आणि तुझ्यासारखी शिकलेली मुलगी सोबत असली तर आमच्या निवेदनाला वजन येईल.

पुढच्या महिन्यात रजा काढून ये. आईला तुझ्या चटणीचं प्रमाण अजून पसंत नाही, लसूण कमी पडतो म्हणते, तेही बसून ठरवा. पॅन, आधार, शिक्षणाचे दाखले आणि बँकेचे कागद घेऊन ये. मशीनचं कोटेशनही आण, म्हणजे थ्री-फेजचा लोड किती मागायचा ते ठरवून त्याच आठवड्यात अर्ज टाकू. शेडच्या मालकाशी मी बोललोय, तू बघेपर्यंत तो दुसऱ्या कोणाला शब्द देणार नाही.

तुझे,
आप्पा