जीनीच्या आईची गोष्ट

टँपा, फ्लोरिडा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. थेंब वेळेवर घालायचे आणि इतक्यात वाचायला बसायचं नाही. आई, म्हणून हे पत्र तूच त्यांना वाचून दाखव.

परवा फोनवर नातीचा विषय निघाला तेव्हा बाबा म्हणाले, "एवढे मार्क आहेत, डॉक्टर होऊ दे. समुद्रात पोरीचं काय काम?" मी गप्प राहिले, कारण असलं बोलणं फोनवर भांडणासारखं ऐकू येतं. पण ती शार्कचाच अभ्यास करायचा म्हणते आहे आणि तुमचा आशीर्वाद नसेल तर तिला चैन पडणार नाही. तिच्या डोक्यात हे कुठून आलं, ते सांगते.

इथून तासाभरावर सॅरासोटा गाव आहे. तिथे मोट मरीन लॅबोरेटरी आहे, आणि ती सुरू केली डॉ. युजिनी क्लार्क नावाच्या बाईने. सगळे तिला जीनी म्हणत. जन्म 1922 चा, न्यूयॉर्कचा. दोन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा वडील गेले. आई युमिको जपानी वंशाची. ती एका इमारतीत वर्तमानपत्रांच्या काउंटरवर उभी राहून काम करायची. शनिवारीही कामावर जावं लागे आणि पोरीला ठेवायला कुणी नसे. म्हणून ती नऊ वर्षांच्या जीनीला बॅटरी पार्कमधल्या मत्स्यालयात सोडून जायची. पोर काचेला नाक लावून तासन् तास शार्ककडे बघत राही, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना माशांची माहिती सांगे. पुढे घरात माशांची टाकी आली, मग आणखी मासे आले. युमिकोने त्याला कधी नाही म्हटलं नाही. आई, तू नोकरीवर जाताना मला आजीकडे सोडायचीस आणि मी दिवसभर किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्यांच्या गर्दीत असायचे. मला वाटतं, युमिको तुला लगेच कळेल.

पुढचं सोपं नव्हतं. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन ती कोलंबिया विद्यापीठात गेली, तर तिथल्या प्राध्यापकाने ऐकवलं की तू लग्न करशील, पोरं होतील, आमचा वेळ आणि पैसा वाया जाईल. तिने न्यूयॉर्क विद्यापीठातून पीएच.डी. केली. 1947 मध्ये फिलिपिन्सला माशांच्या पाहणीसाठी सरकारी नेमणूक मिळाली, पण हवाईला पोचल्यावर तिला अडवून ठेवलं. महायुद्ध नुकतं संपलं होतं आणि आई जपानी, म्हणून तपास सुरू झाला. ती जागा शेवटी एका पुरुषाला दिली. तिने काय केलं असेल? हवाईतलेच मासे अभ्यासायला घेतले.

नंतर ती पॅसिफिकमधल्या बेटांवर गेली, तांबड्या समुद्राकाठी इजिप्तमधल्या घर्दका इथे वर्षभर राहिली, बुडी मारून मासे गोळा केले. त्या अनुभवांवरचं तिचं पुस्तक 1953 मध्ये आलं. ते वाचून फ्लोरिडातल्या एका श्रीमंत कुटुंबाने 1955 मध्ये तिला प्रयोगशाळा बांधून दिली. म्हणजे लाकडी खोली, आपल्या माजघराएवढी, आणि मदतीला एक स्थानिक मच्छीमार. बाबा, एवढंच भांडवल.

मला सगळ्यात आवडतो तो तिचा लेमन शार्कवरचा प्रयोग. तोवर लोक समजत की शार्क म्हणजे नुसता जबडा, त्याला अक्कल कुठली. जीनीने पाण्यात एक लाकडी पांढरी फळी सोडली. शार्कने नाकाने ती दाबली की घंटा वाजायची आणि खाणं मिळायचं. हळूहळू शार्क आपणहून येऊन फळी दाबायला लागले. हिवाळ्यात पाणी गार झालं, त्यांचं खाणं तुटलं, दोन महिन्यांहून जास्त खंड पडला. वसंतात पुन्हा फळी सोडली तर त्यांना सगळं आठवत होतं. शार्क शिकतो आणि लक्षातही ठेवतो, हे असं पहिल्यांदा सिद्ध झालं. नंतर तिने शिकवलेलं शार्कचं एक पिल्लू विमानाने जपानला नेऊन युवराज अकिहितोंना भेट दिलं. ते स्वतः माशांचे अभ्यासक.

शार्क पोहायचा थांबला तर गुदमरून मरतो, असंही पुस्तकांत लिहिलेलं असे. 1973 मध्ये मेक्सिकोतल्या इस्ला मुहेरेस बेटाजवळच्या गुहांत ती उतरली, तर तिथे शार्क तळाशी स्वस्थ पडलेले, कल्ले हलताहेत, डोळे तिच्याकडे लागलेले. तांबड्या समुद्रातल्या एका चपट्या माशाच्या दुधासारख्या स्रावाने शार्क जबडा मिटू शकत नाही, हेही तिनेच दाखवलं. 1975 मध्ये 'जॉज' हा शार्कचा सिनेमा आला आणि लोक शार्क मारायला निघाले, तेव्हा ही बाई लेख लिहून, भाषणं देऊन सांगत राहिली की त्यांना आपल्यापासून जास्त धोका आहे.

चार मुलं झाली, ती लहान असतानाच लॅब चालवत होती. लग्नं टिकली नाहीत, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण पाणी सुटलं नाही. सत्तरहून अधिक वेळा ती पाणबुडीतून खोल समुद्रात गेली. वयाच्या 92 व्या वर्षीही तिने बुडी मारली, आणि 2015 च्या फेब्रुवारीत सॅरासोटालाच गेली. 2018 मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या एका छोट्या शार्कला तिचं नाव मिळालं.

बाबा, आता तुमच्या दुसऱ्या शंकेबद्दल. तुम्ही म्हणालात की असले लोक शेवटी मासेमारीवर बंदी आणतात. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 ला जाहीर झालं तेव्हापासूनची किनाऱ्यावरची भीती मला माहीत आहे, आणि ती खोटी नाही. इजिप्तमधलं रास मोहम्मद वाचावं म्हणून जीनीने तिथल्या सरकारकडे आग्रह धरला, आणि 1983 मध्ये ते त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. तिथली प्रवाळं राहिली, म्हणून आज बुडी मारायला जगभरातून माणसं येतात. तसंच्या तसं मालवणात होईल असं मी म्हणणार नाही. रापणवाल्यांना विचारल्याशिवाय केलेलं संरक्षण टिकत नाही, हे तुमचंच म्हणणं आणि मला ते पटतं. पण म्हणूनच आपल्या घरातली, मोरी आणि मुशी, म्हणजे आपल्याकडचे शार्कच, ताटातून ओळखणारी पोर या कामात हवी. शार्क वयात यायला वेळ लागतो, लेमन शार्कला तर बारा वर्षांच्या आसपास. पिल्लंही थोडी होतात. बांगड्यासारखे ते भराभर भरून येत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर किती येतात, केवढे येतात, पोटात पिल्लं असतात का, हे कुणीतरी रोज मोजायला हवं. बहिरी म्हणजे व्हेल शार्कला आपल्या देशात 2001 पासून कायद्याचं संरक्षण आहे, आणि जाळं कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्रात भरपाई मिळते. लोक जाळं कापतात, बाबा. आपलेच लोक.

नात डिसेंबरात येते आहे. तिला तारकर्लीला स्कूबा करायचंय, त्याचं मी बघते. तुम्ही एवढं करा: संध्याकाळच्या लिलावाला तिला घेऊन जा आणि आपल्या ओळखीच्यांना सांगा की ही माझी नात, हिला पट्टी लावून मोऱ्या मोजू द्या. वही ती आणेल. आई, तुला माशांची जेवढी नावं येतात तेवढी तिला लिहून हवी आहेत, लहान मुशीला काय म्हणतात तेही. आणि यंदा मोरीचं मटण करायचं की नाही, ते तुम्ही दोघी बसून ठरवा.

गुडघ्याचा पट्टा पोस्टाने निघाला आहे. मिळाला की कळवा.

तुमची,
बाय