शर्यत बघायला गर्दी, होडीत बसायला कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं की होड्यांच्या शर्यतींची बातमी तुमच्या सांगली पानावर येते. घाटावर, कठड्यावर, झाडांवर माणसं, मध्ये गढूळ पाण्यात होड्या आणि खाली पहिल्या तीन मंडळांची नावं. सांगलीवाडी, कसबे डिग्रज, समडोळी, कवठेपिरान ही गावं आलटून पालटून. माझं माहेर डिग्रज आणि सासर सांगलीवाडी, त्यामुळे कोणीही जिंकलं तरी आमच्या घरात कोणीतरी रुसलेलं असतं. तरीही त्या बातमीत मला दरवेळी एक गोष्ट खटकते. बघायला हजारो माणसं, आणि वल्हं हातात असलेली घरं मात्र तीच ती.

मी शाळेत खेळ शिकवायचे, आता निवृत्त आहे. खो-खो, कबड्डीचं मैदान उघडं असतं. पोर आधी रेषेबाहेर उभं राहतं, पाणी आणून देतं, मग एक दिवस कोणीतरी आलं नाही म्हणून आत ओढलं जातं आणि खेळाडू होतं. नदीवर ही आत ओढण्याची सोय नाही. होडी मंडळाची, सराव मंडळाच्या पोरांचा, आणि त्यातही बाप, चुलता, पुतण्या अशी रांग लागलेली. नदीपासून लांबच्या विश्रामबागेतल्या किंवा कुपवाडच्या पोराला वल्हं मारावंसं वाटलं तर विचारायचं कोणाला? माझ्या शाळेतल्या मुलींनी विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, “तुम्ही काठावरनं आरडा.” आरडायला त्या काही कमी नव्हत्या. पण दंडात जोर होता, तो काठावरच राहिला.

म्हणून माझी मंडळांना एकच विनंती आहे. शर्यतीच्या बक्षिसाची रक्कम वाढवायच्या आधी, ज्यांनी कधी होडीत पाय ठेवला नाही त्यांना बसवायची सोय करा. महिन्यातली एक सकाळ ठेवा. घरचा नाही, गावचा नाही, मंडळाचा नाही, असा कोणीही यावा आणि अर्धा-पाऊण तास वल्हं मारून जावा.

यावर काय म्हटलं जाईल ते मला पाठ आहे. पहिलं म्हणजे मगर. भिलवडीपासून खाली सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत, त्यांनी माणसं ओढली आहेत, हे काही कोणी सांगलीकराला समजावून सांगायला नको. थंडीत त्या नदीकाठच्या मळीवर ऊन खात पडलेल्या असतात. दुसरं, शहराचं सांडपाणी कृष्णेत आणणारा शेरीनाला. त्याच्याविषयी इतकी वर्षं इतकं छापून आलंय की मी भर घालत नाही, फक्त ज्या पाण्यात पोरांना उतरवायचं त्याचा वास आपल्याला माहीत आहे एवढं म्हणते. तिसरं, पूर. आयर्विन पुलाजवळ चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे आमच्याकडे पाढ्यासारखं लहान पोरंही सांगतात.

तिन्ही आक्षेप खरे आहेत. पण ते नवख्याला शर्यतीच्या दिवसांत, भरल्या नदीत बसवण्याविरुद्ध आहेत, आणि मीही त्याच्या विरुद्धच आहे. शर्यतीचा हंगाम हा शिकायचा हंगाम नव्हे. सुरुवात पोहण्याच्या तलावात करता येते. तलावाच्या कठड्यावर ओळीनं बसायचं, पाय आत, हातात वल्हं, आणि समोरच्याच्या खांद्याकडे बघत एका तालात पाणी मागं सारायचं. एवढ्यानं निम्मं शिकून होतं, कारण सांघिक होडीत जोरापेक्षा ताल आधी लागतो. मग लाइफ जॅकेट घालून त्याच तलावात मुद्दाम छोटी होडी उलटी करायची. उलटल्यावर होडी सोडायची नाही, तिला धरून तरंगत राहायचं, हे एकदा अंगानं शिकलं की नदीची निम्मी भीती जाते. नदीत जायचं ते पावसाळा संपल्यावर, बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात, वनखात्याला विचारून ठरवलेल्या टप्प्यात, रुंद होडीतून, आणि सोबत एक रिकामी होडी ठेवूनच. जॅकेटशिवाय कोणी बसणार नाही. यात पट्टीचा पोहणाराही आला. त्याला तर दोनदा सांगावं लागेल.

असं नवख्यांना सामावून घेणारा वल्ह्याचा खेळ जगात आहे, त्याला ड्रॅगन बोट म्हणतात. मूळ चीनचा. साधारण साडेबारा मीटरची होडी, दोघं-दोघं शेजारी असे वीस जण वल्हं मारणारे, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, एक ढोलवाला आणि मागं सुकाणू धरणारा एक. पुढची जोडी जो ताल धरते तो मागच्या अठरांनी उचलायचा. वीस जणांत पाच-सात कच्चे असले तरी होडी सरळ चालते, म्हणून नव्या माणसाला पहिल्याच दिवशी आत घेता येतं. २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत हा खेळ आला. २०१८ला इंडोनेशियातल्या आशियाई स्पर्धेत दोन्ही कोरियांच्या मुलींनी एका होडीत बसून ५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. मिश्र शर्यतीत विसात निदान आठ बायका हव्यात असा नियम आहे. हा नियम तर मला आपल्या प्रत्येक मंडळाच्या फलकावर लिहावासा वाटतो.

आणि एक उदाहरण मुद्दाम बायकांसाठी. १९९६मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या २४ बायका एका ड्रॅगन बोटीच्या सरावाला घेतल्या. तेव्हा डॉक्टर मंडळी सांगायची, काखेतल्या गाठी काढल्यात, हाताला ताण देऊ नका, कायमची सूज येईल. या बायकांनी बेतानं व्यायाम वाढवत नेला, हंगामभर वल्हं मारलं, आणि एकीलाही नव्यानं सूज आली नाही. आज अशा बायकांचे संघ कितीतरी देशांत आहेत. आमच्या मिरजेला दवाखान्यांसाठी कुठून कुठून माणसं येतात. तिथल्या एखाद्या डॉक्टरांनी हे मनावर घ्यावं, इतकीच इच्छा. अर्थात ज्यांना असा त्रास होऊन गेलाय त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच यावं.

“पण यातून पुढं काय?” हा पालकांचा प्रश्न. नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यात तळेगाव रोही म्हणून दुष्काळी गाव आहे. तिथला दत्तू भोकनळ. सैन्यात गेला, तिथं पुण्याला रोइंग शिकला. आधी पाण्याला भ्यायचा. २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरीत तेरावा आला, २०१८ला चौघांच्या संघातून आशियाई सुवर्ण घेऊन आला. रोइंगमध्ये पाठ पुढच्या दिशेला असते आणि वल्ही होडीला बांधलेली असतात, म्हणजे तो खेळ वेगळा. पण पाणी तेच. कनोइंगमध्ये, म्हणजे पुढं तोंड करून सुट्या वल्ह्यानं होडी चालवायच्या खेळात, हांगझूच्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग या जोडीनं १००० मीटरमध्ये कांस्यपदक आणलं, त्यातला सुनील मणिपूरचा, लोकटाक सरोवराकडचा. प्राची यादव पायानं अधू, आधी पोहायची, मग भोपाळच्या छोट्या तलावात कनो शिकली आणि टोकियोच्या पॅरालिंपिकपर्यंत गेली. भोपाळनं तलावाचं जे केलं ते आपण नदीचं का केलं नाही, हे विचारलं की सगळे शेरीनाल्याकडे बोट दाखवतात. नाला तर अडवायलाच हवा. पण खेळाडूंनी रोज नदीवर यायला सुरुवात केली तर नाल्याबद्दल ओरडणारी माणसंही वाढतील, असं माझं मत आहे.

पदकं मात्र मला दुय्यम वाटतात. २०१९च्या महापुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली. त्यात बायका-मुलं जास्त गेली. त्यांना वल्हं मारता आलं असतं तर वाचली असती, असं मी म्हणणार नाही. होडीत माणसं जास्त झाली होती. पण नदीकाठच्या बाईला किती माणसांत होडी बसते, कुठं बसायचं, उभं राहून एका बाजूला का झुकायचं नाही, जॅकेटचा पट्टा कसा आवळायचा, हे आधीच माहीत असावं की नसावं? आज ते फक्त शर्यतीच्या पोरांना माहीत आहे. पूर आला की बायका होडीत पहिल्यांदा बसतात, तेही रात्री, अंगावर लेकरू घेऊन.

खर्च फार नाही. होड्या मंडळांकडे आहेत, जुन्या वल्हेकऱ्यांइतके चांगले शिक्षक बाहेरून आणूनही मिळणार नाहीत. जॅकेटं आपत्ती व्यवस्थापनाच्या साठ्यातून मागता येतील, तलावाची एक सकाळ महापालिकेनं द्यावी. चारही गावच्या मंडळांनी आळीपाळीनं एकेक महिना घेतला तर कोणावर भार पडणार नाही. एका गावानं दुसऱ्या गावच्या पोराला शिकवायचं म्हटल्यावर थोडी कुरबूर होईल, पण ती शर्यतीत काढावी.

मंडळांनी तारीख ठरवली की नावं लिहून घ्यायला टेबलावर मी बसेन. मुली-बायकांना आत्ताच सांगून ठेवते : साडी नको, ओढणी नको, बांगड्या काढून ठेवा, आणि बदलायला कोरडे कपडे पिशवीत आणा.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सांगलीवाडी