फ्लोराइड काढण्याच्या हमीवर विकलेल्या जलशुद्धीकरण यंत्राबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी माझे सातवे बोलणे तासाभरापूर्वी संपले. आठव्यांदा फोन करण्याची माझी तयारी नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपले यंत्र कसे चालते हे मी आपल्याला सांगायला नको. त्यातला कार्बन क्लोरीन आणि वास काढतो, अल्ट्राव्हायोलेट दिवा जंतू मारतो आणि फ्लोराइड धरून ठेवण्याचे काम एकटे ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचे कार्ट्रिज करते. त्या कार्ट्रिजची क्षमता संपली की फ्लोराइडपुरते हे यंत्र असून नसल्यासारखे आहे, आणि आमच्या घरात नेमके तेच झाले आहे.

आमच्या विंधन विहिरीच्या पाण्यात लिटरमागे २.१ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. माझ्या आठ वर्षांच्या मुलीचे पुढचे कायमचे दात आले तेव्हा त्यांवर खडूने ओढल्यासारख्या पांढुरक्या आडव्या रेषा होत्या. दंतवैद्यांनी दात कोरडे करून, दिव्याखाली धरून त्या मला एकेक करून दाखवल्या आणि घरचे पाणी तपासून घ्यायला सांगितले. दात घडत असताना जास्त फ्लोराइड पोटात गेले की अशा रेषा पडतात, पण त्यांचा दोष मी आपल्या यंत्राला देत नाही. ते दात हिरडीच्या आत घडत होते तेव्हा आपले यंत्र आमच्या घरी नव्हते. परंतु माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे, त्याच्या कायमच्या दातांचे एनॅमल, म्हणजे वरचे कठीण आवरण, आत्ता तयार होत आहे, आणि केवळ त्याच्यासाठी, आपल्या माहितीपत्रकातील ‘नव्वद टक्के फ्लोराइड काढते, कार्ट्रिज वर्षभर टिकते’ या वाक्यावर विसंबून आम्ही हे यंत्र घेतले.

चार महिन्यांनी मी यंत्रातून आलेल्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला. अहवालात फ्लोराइड १.९ आले. खात्री करण्यासाठी पुन्हा नमुना दिला, पुन्हा १.९ आले. नव्वद टक्क्यांचा हिशेब धरला तर तिथे ०.२ च्या आसपास आकडा यायला हवा होता.

आपला तंत्रज्ञ घरी आला. त्याने पेल्यात टीडीएस मीटर बुडवला, ३१२ हा आकडा मला दाखवला आणि पाणी उत्तम असल्याचे सांगितले. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा एकत्रित अंदाज देतो. त्या ३१२ मिलिग्रॅममध्ये फ्लोराइडचे दोन मिलिग्रॅम आहेत की शून्य, हे त्याला कळूच शकत नाही. कार्ट्रिज बदलून मागितले तेव्हा तो म्हणाला की यंत्रावरचा दिवा हिरवा आहे, लाल झाल्याशिवाय बदलता येणार नाही. हा दिवा किती महिने झाले एवढेच मोजतो, हे आपल्याच पुस्तिकेत छापलेले आहे.

आता आजचे बोलणे. आपल्या प्रतिनिधीने प्रथम मला पाणी उकळून प्यायला सांगितले. उकळल्याने पाणी वाफ होऊन जाते आणि फ्लोराइड भांड्यातच राहते, म्हणजे त्याचे प्रमाण उलट वाढते, असे मी सांगितल्यावर त्यांनी फोन वरिष्ठांकडे दिला. वरिष्ठ म्हणाले, “मॅडम, फ्लोराइड दातांना चांगलंच असतं. टूथपेस्टमध्ये मुद्दाम घालतात की.” टूथपेस्ट आपण थुंकून टाकतो, पाणी पितो, असे मी म्हणाले. त्यावर त्यांनी उत्तर दिले, “यावर जगभर वाद चालू आहे. शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, मग तुम्ही कशाला एवढं टेन्शन घेता?” फ्लोराइड काढण्याचे यंत्र विकणाऱ्या कंपनीचा अधिकारी, ते यंत्र फ्लोराइड काढत नाही म्हणून तक्रार करणाऱ्या आईला फ्लोराइड चांगले असते असे सांगतो, याहून अधिक अपमानास्पद वागणूक मला कोणत्याही कंपनीकडून मिळालेली नाही. त्यानंतर त्यांनी दिवा हिरवा आहे का, असेही विचारले.

ज्या वादाआड ते लपले तो वाद आपल्याला ठाऊक असलाच पाहिजे, कारण आपण त्यावर धंदा करता. तो मुख्यतः पाण्यात फ्लोराइड मुद्दाम मिसळण्याबद्दल आहे. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ साली दात किडू नयेत म्हणून ही सुरुवात केली, आणि तिथे २०१५ पासून शिफारस लिटरमागे ०.७ मिलिग्रॅमची आहे. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घरोघरी पोचल्यावर पाण्यातल्या फ्लोराइडचा फायदा पूर्वीपेक्षा कमी उरला, असे वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यात म्हटले आहे. दुसरीकडे कॅनडातील कॅल्गरीने २०११ मध्ये ते मिसळणे थांबवले, मुलांचे दात किडण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले आणि २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू केले. त्याच वर्षी अमेरिकेतील युटा राज्याने मात्र त्यावर बंदी घातली. हे मतभेद खरे आहेत आणि दोन्ही बाजूंना विचार करणारी माणसे आहेत.

परंतु हे भांडण ०.७ च्या आसपासचे आहे. माझ्या नळाला २.१ येते. रसायनांची विषारिता तपासणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्राम या सरकारी यंत्रणेने २०२४ मध्ये १.५ च्या वरच्या प्रमाणाचा मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध असल्याचे मध्यम खात्रीने नोंदवले, आणि ०.७ बद्दल निष्कर्ष काढण्यास माहिती अपुरी असल्याचेही त्याच अहवालात स्पष्ट केले. आपल्या माहितीपत्रकात मात्र ‘फ्लोराइड मुलांच्या मेंदूला घातक’ एवढेच ठळक अक्षरांत आहे. किती प्रमाणात, हे कुठेही नाही. विकताना कोणतेही प्रमाण घातक ठरवायचे आणि तक्रार आली की कोणतेही प्रमाण चांगले ठरवायचे, हा अप्रामाणिकपणा आहे. ज्यांच्या पाण्यात ०.३ मिलिग्रॅम आहे त्यांना आपण भीती दाखवून ग्राहक करत आहात, आणि ज्यांना यंत्राची खरी गरज आहे त्यांना हिरवा दिवा दाखवत आहात. वर्षभराचा दावा करताना चाचणीच्या पाण्यात किती फ्लोराइड होते आणि त्याचा सामू (पीएच) किती होता, हेही आपण छापलेले नाही. किंचित आम्ल पाण्यात ॲल्युमिना चांगले काम करतो आणि आमच्यासारख्या अल्कधर्मी पाण्यात लवकर थकतो, हे आपल्या अभियंत्यांना माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

सर्वांत जास्त वाईट याचे वाटते की माझ्या शब्दावर माझ्या बहिणीनेही आपलेच यंत्र घेतले. तिच्या घरी चार महिन्यांचे बाळ आहे आणि त्याचे वरचे दूध याच पाण्यात कालवले जाते. काल मी तिला फोन करून ते पाणी बंद करायला सांगितले.

यंत्राची पूर्ण रक्कम मला परत मिळावी. या कार्ट्रिजची चाचणी कोणत्या पाण्यावर, किती लिटरपर्यंत झाली, त्याचा अहवाल लेखी मिळावा, आणि ‘वर्षभर’ हा शब्द माहितीपत्रकातून काढला जावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. फोनवरून दिलेले उत्तर मी उत्तर मानणार नाही. दोन्ही अहवालांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. यंत्रातील पाण्याची एक बाटली प्रयोगशाळेने मोहोरबंद करून स्वतःकडे ठेवली आहे. आपला माणूस पाठवून ती आपण आपल्या खर्चाने कधीही तपासून घ्यावी.

आपली,
एक ग्राहक