चार धागे, दोन हालचाली

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तुमच्या लेसच्या गटात सगळे गणितवालेच कसे गं जमले?" तेव्हा दारात कुणीतरी उभं होतं, म्हणून "योगायोग रे" म्हणून मी फोन ठेवला. ते उत्तर खरं नव्हतं. दोन दिवस मनाला लागून राहिलंय, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आम्ही सहा जण. मी जन्मभर गणित शिकवलं. एक संख्याशास्त्रातली, एक भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, दोघी तुझ्यासारख्या सॉफ्टवेअरमधल्या आणि एक प्रयोगशाळेत रक्त तपासणारी. कुणी कुणाला ओढून आणलं नाही. प्रत्येक जण आपापल्या वाटेने बॉबिन लेसपाशी आला आणि तिथेच रमला.

बॉबिन लेस म्हणजे सुई नाही, क्रोशाची आकडी नाही. घट्ट भरलेल्या उशीवर भोकं पाडलेला जाड कागद लावायचा. बॉबिन नावाच्या बारीक लाकडी दांड्यांना गुंडाळलेले धागे टाचण्यांना अडकवून जोडीजोडीने खाली सोडायचे आणि त्यांची वीण घालत खाली यायचं. पाहणाऱ्याला वाटतं, केवढा हा गुंता. आत काय चाललंय ते पाहायचं असेल तर कागद-पेन्सिल घेऊन बस.

क ख ग घ अशी चार अक्षरं ओळीने लिही. हे चार धागे, म्हणजे दोन जोड्या. उशीवर दोनशे बॉबिन लोंबकळत असले तरी एका टाक्यात चारच हातात असतात, आणि मूळ हालचाली दोनच. क्रॉस म्हणजे मधल्या दोघांची अदलाबदल, डावा उजव्यावरून. ट्विस्ट म्हणजे दोन्ही जोड्यांत आपापसात अदलाबदल, उजवा डाव्यावरून. आता क्रॉस कर: क ग ख घ. मग ट्विस्ट: ग क घ ख. इथे थांबलास तर ती हाफ स्टिच. आणखी एक क्रॉस केलास की ग घ क ख, ही क्लॉथ स्टिच.

जरा त्या दोन ओळींकडे बघत बस. क्लॉथ स्टिचमध्ये ग-घ ही जोडी जशीच्या तशी डावीकडे आली आणि क-ख जशीच्या तशी उजवीकडे गेली. म्हणून तिथे एक अख्खी जोडी या कडेपासून त्या कडेपर्यंत रांग ओलांडत जाते आणि विणलेल्या कापडासारखा भरीव पोत येतो. हाफ स्टिचमध्ये मात्र दोन्ही जोड्या फुटल्या. ख पार उजव्या टोकाला गेला, पण त्याचा सोबती क मागेच राहिला. पुढच्या टाक्याला ख पुन्हा पुढे जाणार आणि नवा सोबतीही मागेच सोडणार. रांगेतून एकटा धागा प्रवास करतो, बाकीचे तिरके निघतात, आणि मोकळी, तारकांसारखी जाळी दिसते. फरक एका क्रॉसचा आहे. हे मला जेव्हा कागदावर दिसलं, तेव्हा वर्गात एखादी सिद्धता मुलांच्या आधी मलाच नव्याने उलगडायची, तसं झालं.

त्याआधीचा महिना मात्र फार वाईट गेला. मी बॉबिनवर शाईने एक, दोन, तीन, चार असे आकडे घातले होते. पहिल्या टाक्यानंतरच ते विस्कटले, आणि सूचना सांगायच्या "दोन तीनवरून घ्या". कुठला दोन? रात्री अकराला लक्षात आलं की क्रमांक धाग्याचा नसतोच, जागेचा असतो. दुसऱ्या जागेवर या घडीला जो कुणी असेल तो. इतकी वर्षं क्रमपर्याय शिकवूनही ते बोटांना कळलं नव्हतं. आकडे पुसून टाकले आणि त्याच रात्री पहिली चार बोटं पट्टी नीट झाली.

आता हाफ स्टिच पुन्हा पुन्हा करत जा. ग क घ ख. घ ग ख क. ख घ क ग. आणि चौथ्या वेळी क ख ग घ. सगळे आपापल्या घरी परत. कागदापुरतं पाहिलं तर काहीच घडलं नाही, पण उशीवर तोवर छोटीशी वेणी तयार असते. अक्षरं परतली, धागे परतले नाहीत, कारण कोण कुणावरून गेलं याची नोंद धाग्यांत राहते. एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२५ साली वेण्यांचं जे बीजगणित मांडलं, त्याचा गाभा हाच. नुसती अदलाबदल मोजायची नाही, वरून की खालून हेही मोजायचं. पदवीला असताना मी तो विषय वाचला होता आणि परीक्षेपुरता पाठ केला होता. तो समजला इतक्या वर्षांनी, बोटांमधून.

त्या वेणीतला एक धागा डोळ्यांनी धरून बघ. खालून, वरून, खालून, वरून, असा तो न चुकता जातो. क्रॉसमध्ये डावा वर आणि ट्विस्टमध्ये उजवा वर, या साध्या नियमाने ते आपोआप घडतं. एकही गाठ न मारता लेस एकमेकांना धरून राहते ती यामुळे. "कुणी ठरवलं असेल हे?" असं मी कितीदा तरी स्वतःशीच म्हणते.

तू सॉफ्टवेअरवाला, म्हणून तुला एक गोष्ट विशेष आवडेल. टॉर्शॉन नावाच्या लेसमध्ये टाचण्यांची भोकं आलेखाच्या कागदावर तिरप्या रेघांत, ४५ अंशांत असतात. कुठली टाचणी आधी, याला एकच ठरलेला क्रम नसतो. जिथे येणाऱ्या दोन्ही जोड्या वरून मोकळ्या झाल्यात, ती टाचणी कधीही घेता येते. दोन लांबच्या टाचण्यांत कुठलीही आधी घे, लेस तीच होते. तू 'डिपेंडन्सी' म्हणतोस ना, तेच हे. आमच्यातल्या त्या दोघींना हे सांगावंच लागलं नाही, उशीकडे बघूनच कळलं.

चुकीबद्दल लिहायलाच हवं, कारण मला वाटतं आमच्यासारख्यांना खरी भुरळ पडते ती तिथे. मागच्या महिन्यात कडेला पोचले तर एक जोडी कमी. बॉबिन तर पडले नव्हते. प्राध्यापक म्हणाले, तारांच्या जोडावर जेवढा विद्युतप्रवाह येतो तेवढाच बाहेर जातो, तुमच्या टाचणीवरही दोन जोड्या येतात आणि दोनच जातात. जिथे हा हिशोब मोडला ती जागा शोधा. मी प्रत्येक टाचणीवर मोजत वर गेले. अकरा रांगा वर एका जागी जोडीने वळायच्या ऐवजी शेजारणीच्या घरात शिरून तिथेच बस्तान मांडलं होतं. मग उलटं यायचं. शेवटचा ट्विस्ट आधी सोडवायचा, मग त्याच्या आधीचा क्रॉस. प्रत्येक हालचालीला उलटी हालचाल आहे आणि ती उलट्या क्रमानेच करावी लागते. त्या अकरा रांगा सोडवायला दीड दिवस लागला, पण धागा कुठेही कापला नाही. चुकीला कारण असतं, ते ठरावीक जागी असतं, शोधलं की सापडतं आणि काहीही न गमावता दुरुस्त होतं. प्रयोगशाळेतली आमची मैत्रीण म्हणते, दिवसभर नमुने तपासताना असं स्वच्छ उत्तर तिला क्वचितच मिळतं. मला तिचं म्हणणं पटतं.

हे फक्त आम्हालाच वाटतं असंही नाही. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात व्हेरोनिका अर्विन या लेस करणाऱ्या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी २०१६ साली याच विषयावर डॉक्टरेटचा प्रबंध पूर्ण केला. लेसमध्ये जाळीचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येऊन सगळी जागा भरतो, त्याला ग्राउंड म्हणतात. त्यांनी तो तुकडा टाक्यांचे बिंदू आणि जोड्यांच्या रेघा असा मांडला. प्रत्येक बिंदूत दोन रेघा येतात, दोन जातात. मग तुकड्याची डावी कड उजवीला आणि वरची खालच्या कडेला चिकटवली, की सायकलच्या ट्यूबसारखा आकार होतो आणि नक्षीला शेवटच उरत नाही. त्यावर कुठल्या रचना खरोखर उशीवर करता येतील याच्या अटी शोधल्या आणि संगणकाला एकेक तपासायला लावलं. लेसच्या संग्रहांत मिळून साधारण १,००० ग्राउंड नोंदलेले होते. संगणकाने ५० लाखांहून जास्त वेगवेगळे शोधले. वर त्यांनी हेही सिद्ध केलं की असे मूळ नमुने अनंत आहेत. सपाट पृष्ठभागावरच्या पुनरावृत्तीच्या सममितीचे १७ प्रकार असतात, हे तू शिकला असशील. त्या सतराही प्रकारांतले ग्राउंड त्यांनी दाखवून दिले.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. १५५७ साली व्हेनिसमध्ये आणि १५६१ साली झुरिचमध्ये बॉबिन लेसच्या नमुन्यांची पुस्तकं छापली गेली, म्हणजे साडेचारशे वर्षांहून जास्त काळ हात या कामात आहेत, आणि तरीही बहुतेक नक्षी कुणी पाहिलेलीच नाही. संग्रहांतले ते हजार ज्या बायकांनी शोधले, त्यांना "गणित येत नव्हतं" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. कुठली रचना उशीवर टिकेल आणि कुठली अडकेल, हे त्या हातांनी ओळखत होत्या. ते गणितच आहे. त्यांनी ते लिहिलं नाही, एवढंच.

पण त्यांना आमच्यासारखा आनंद मिळत होता, असं मी म्हणणार नाही. इंग्लंडच्या मध्य भागात लेसच्या शाळा होत्या. तिथे लहान लहान मुलं तासन् तास उशीपुढे बसायची आणि टाचण्या मोजत राहण्यासाठी आकड्यांची गाणी म्हणायची. पोटासाठी केलेलं ते काम होतं, डोळे आणि पाठ मोडणारं. जॉन हीथकोटने १८०९ च्या सुमारास बॉबिनच्या जाळीचं यंत्र आणलं आणि पुढे यंत्रांनी हळूहळू तो धंदाच गिळला. आज मी अकरा रांगा शांतपणे उलगडू शकते, कारण माझी चूल त्यावर अवलंबून नाही. हे मी उशीपुढे बसताना विसरत नाही.

डोक्याला विश्रांती म्हणून तू हे करतेस का, असंही तू विचारलंस. नाही रे. डोकं पूर्ण कामात असतं. फक्त शाळेत मी जे फळ्यावर लिहून पुसून टाकत होते, ते इथे हाताला लागतं, ताणलं तर ताणतं, उजेडापुढे धरता येतं. नियम पाळला की नाही हे कुणाला विचारावं लागत नाही. संध्याकाळी दिव्याखाली उशी घेतली की त्या चार धाग्यांपलीकडे काही नसतं, आणि तरी सगळं तिथेच असतं असं वाटतं. याहून नेमकं मला सांगता येत नाही.

सोबत एक खोकं पाठवते आहे. त्यात छोटी उशी, १६ बॉबिन म्हणजे आठ जोड्या, टाचण्या आणि मी आलेखाच्या कागदावरून टोचलेला एक नमुना आहे. धागे भरून ठेवले आहेत. आधी दोन जोड्यांवर नुसती वेणी कर, वर लिहिलेली चार अक्षरं समोर ठेवून. मग पट्टी सुरू कर. प्रत्येक टाक्यानंतर दोन्ही जोड्या सारख्या ओढून घे, नाहीतर कड लाटेसारखी होते. बॉबिनवर आकडे घालू नकोस. कडेला जोडी कमी पडली तर कात्री शोधू नकोस, मोजत वर जा.

वीतभर झालं की उशीवरून न काढता फोटो पाठव. मध्ये कुठे बिघडलेलं दिसलं तरी तसाच पाठव, कुठल्या टाचणीवर चुकलं ते मला शोधायचं आहे.

तुझी,
आई