शिरेतल्या रक्ताची तपासणी करायची की नाही, हे ठरवण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, स्कॅनमध्ये डाव्या ॲड्रिनल ग्रंथीवर (मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली छोटी ग्रंथी) १२ मिलिमीटरची गाठ दिसली म्हणून ती लगेच काढून टाकावी, असं तुमचं म्हणणं आहे. माझा आग्रह आहे की थोडं थांबावं आणि दोन्ही ॲड्रिनल ग्रंथींच्या शिरांतलं रक्त घेऊन तपासायचं का, ते आधी ठरवावं. गाठ दिसली म्हणजे जास्तीचं अल्डोस्टेरॉन, म्हणजे या ग्रंथींचं मीठ धरून ठेवणारं संप्रेरक, तिथूनच येतंय असं होत नाही.

निदानाबद्दल शंका उरलेली नाही. रेनिन (अल्डोस्टेरॉन सोडायला सांगणारा मूत्रपिंडाचा इशारा) दबलेलं, अल्डोस्टेरॉन चढलेलं, पोटॅशियम वारंवार खाली आणि तीन गोळ्यांनाही न जुमानणारा रक्तदाब. हा प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम आहे. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला कॉन सिंड्रोमही म्हणतात. गरज नसताना अल्डोस्टेरॉन सुटत राहतं, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. आता ठरवायचं ते एवढंच, की हे एका ग्रंथीचं काम आहे की दोन्हींचं. एकीचं असेल तर ती दुर्बिणीतून काढता येते. दोन्हींचं असेल तर शस्त्रक्रिया नाही. अल्डोस्टेरॉनला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोनसारखी गोळी कायमची.

स्कॅन इथे भरवशाचा नाही. वय वाढतं तशा या ग्रंथींवर काहीच न करणाऱ्या गाठी सापडू लागतात आणि खरी खोडकर गाठ कधीकधी इतकी लहान असते की दिसतच नाही. ९५० रुग्णांच्या माहितीचा एक एकत्रित आढावा २००९ मध्ये आला. त्यात स्कॅनचा निष्कर्ष आणि शिरेतल्या रक्ताचा निष्कर्ष सुमारे ३८ टक्के लोकांत जुळला नाही. पस्तिशीच्या आतल्या, पोटॅशियम कमी असलेल्या आणि एकाच बाजूला स्पष्ट गाठ असलेल्या रुग्णात ही तपासणी टाळता येते. तुमच्या वयात नाही.

मात्र आधी एक गोष्ट तुम्ही दोघांनी ठरवा. एकाच बाजूचा दोष निघाला तर तुम्ही शस्त्रक्रिया करून घेणार का? उत्तर 'नाही' असेल, तर ही तपासणी करूच नका. गोळ्यांनीही हा आजार चांगला आटोक्यात राहतो आणि विनाकारण सुई-नळी कशाला?

उत्तर 'हो' असेल, तर तयारी काही आठवडे आधी सुरू होते. आई, गोळ्यांचा डबा तुझ्याकडे असतो म्हणून हे तुझ्यासाठी. स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, ॲमिलोराइड ही औषधं साधारण ४ ते ६ आठवडे आधी थांबवायला सांगतात, कारण त्यांनी रेनिन वाढलं की निरोगी ग्रंथीही जागी होते आणि दोन्ही बाजूंतला फरक पुसला जातो. त्यांच्या जागी डॉक्झाझोसिन, व्हेरापामिल, हायड्रॅलाझिन अशी या मापात फार ढवळाढवळ न करणारी औषधं देतात. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. रक्तदाब उसळला तर तपासणी बाजूला राहील. औषध थांबवणं धोक्याचं वाटलं, तर आधी रेनिन पाहतात. औषध चालू असूनही ते दबलेलंच असेल, तर पुष्कळदा आहे त्या गोळ्यांवर तपासणी करता येते.

पोटॅशियम ४ च्या आसपास आणायलाच हवं. ते कमी असलं की अल्डोस्टेरॉन आपोआप खाली येतं आणि दोषी बाजूही सौम्य दिसते. ते मोजायला रक्त देताना मूठ सारखी उघडझाप करू नका, दंडाला पट्टा फार वेळ आवळू देऊ नका. त्याने पोटॅशियम खोटंच जास्त येतं आणि सगळे निर्धास्त होतात. तपासणीच्या तोंडावर मीठही एकदम तोडू नका, रेनिन वाढेल. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाची मेटफॉर्मिन, डायची (क्ष-किरणांत शिरा दिसाव्यात म्हणून सोडतात त्या द्रवाची) पूर्वीची ॲलर्जी आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, हे सगळं आधी लिहून द्या.

प्रत्यक्ष तपासणी सकाळी, झोपलेल्या अवस्थेत होते. जांघेत जागा बधिर करून तिथल्या शिरेतून बारीक नळी वर नेतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर डाय सोडून वाट शोधतात. डावी शीर बहुधा सापडते, कारण ती डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत उघडते. अडचण असते ती उजवीकडे. ती शीर आखूड आणि बारीक, थेट महाशिरेच्या मागच्या भिंतीत एका कोनात शिरणारी. शेजारी यकृताच्या छोट्या शिरा असतात, त्यातली एखादी चुकून पकडली जाते. तपासणी फसते ती बहुतेक वेळा इथेच. म्हणून डॉक्टरांना संकोच न करता विचारा: ही तपासणी तुम्ही नियमित करता का आणि उजवी बाजू किती वेळा नीट मिळते? रक्त जोराने ओढलं तर शीर मिटते आणि डाय जोराने ढकलला तर फुटू शकते. दोन्हीकडे हात हलका लागतो.

काही ठिकाणी आधीपासून कॉसिन्ट्रोपिनचं (ॲड्रिनल ग्रंथींना चेतवणाऱ्या औषधाचं) सलाईन लावतात, बहुधा ताशी ५० मायक्रोग्रॅम, अर्धा तास आधी सुरू करून. ताणामुळे होणारे चढउतार त्याने झाकले जातात. दोन्ही ॲड्रिनल शिरा आणि शरीरातली दूरची एखादी शीर, अशा तिन्ही जागांच्या नमुन्यांत अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल (याच ग्रंथींचं दुसरं संप्रेरक) दोन्ही मोजतात.

कॉर्टिसॉल कशाला, तर दोन कामांसाठी. नळी खरोखर ग्रंथीच्या शिरेत होती का, हे त्यावरून कळतं: तिथलं कॉर्टिसॉल दूरच्या रक्ताच्या निदान पाचपट हवं (कॉसिन्ट्रोपिन न देता दुप्पट पुरतं, काही केंद्रं वेगळी मर्यादा धरतात). दुसरं, डाव्या शिरेत श्वासपटलाकडून येणारी शीर मिसळते, त्यामुळे तिथलं रक्त पातळ होतं. दुधात किती पाणी पडलंय ते आधी मोजावं तसं हे आहे.

समजा, डावीकडे अल्डोस्टेरॉन १२०० आणि कॉर्टिसॉल २००. उजवीकडे ८०० आणि ८००. दूरच्या शिरेत ४० आणि २५. नुसतं अल्डोस्टेरॉन पाहिलं तर डावी बाजू जेमतेम दीडपट. कॉर्टिसॉलने भागलं की डावीकडे ६, उजवीकडे १, म्हणजे सहापट. कॉसिन्ट्रोपिन देऊन ४ पेक्षा जास्त पट आली तर एका बाजूचा दोष मानतात, ३ पेक्षा कमी असेल तर दोन्हींचा, मधलं संदिग्ध. शिवाय उजवीकडचा १ हा दूरच्या शिरेतल्या १.६ पेक्षाही कमी, म्हणजे ती ग्रंथी दबलेली. याने निष्कर्षाला बळ मिळतं. गाठ कॉर्टिसॉलही बनवत असेल तर मात्र हा सगळा हिशेब बिघडतो. म्हणून रात्री १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळचं कॉर्टिसॉल पाहण्याची चाचणी आधी झाली आहे का, हे नक्की विचारा.

धोका कमी आहे, पण आहे. शीर फुटून ग्रंथीत रक्त साचणं अनुभवी हातांत १ टक्क्याच्या आत असतं. नंतर पाठीत किंवा कुशीत वाढत जाणारं दुखणं, ताप किंवा जांघेत फुगत जाणारा गोळा दिसला तर सकाळची वाट पाहायची नाही, ताबडतोब कळवायचं.

शस्त्रक्रिया झालीच तर पोटॅशियम बहुतेकांचं सुधारतं. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र सगळ्यांच्या सुटत नाहीत. वर्षानुवर्षांचा रक्तदाब असेल तर कमी होणं हेही मोठं यश. नंतर पोटॅशियमची औषधं आणि स्पायरोनोलॅक्टोन लगेच थांबवतात. उरलेली ग्रंथी काही आठवडे सुस्त असू शकते आणि तेव्हा पोटॅशियम उलट वर जातं, म्हणून पहिले काही आठवडे त्याची तपासणी चुकवायची नाही.

रिपोर्टमध्ये नुसता 'डावी बाजू' असा शेरा घेऊन येऊ नका. तिन्ही जागांचे सगळे आकडे, कॉसिन्ट्रोपिन दिलं होतं की नाही आणि कोणत्या नळीवर कोणती बाजू लिहिली, हे सगळं मागून घ्या. फोटो काढून मला पाठवा, मी भागाकार पुन्हा करून पाहते.

तुमची लेक